दुपारी बसणारा कॉम्प्युटर

भोकरवाडीत बैल घ्यायचा निघाला की आधी देवजीकडे सांगावा जायचा. घेणारा कुणीही असो, बैलाच्या पाठीवर पहिला हात देवजीचा. दात सगळेच बघतात, शिंगं सगळेच बघतात; देवजी विकणाऱ्याला एकच गोष्ट विचारायचा, "ऊन चढल्यावर कसा चालतो?" विकणारा जरा जरी अडखळला तरी देवजी तो बैल भर दुपारी रिकाम्या शेतात नांगराला जुंपायला लावायचा, बांधावर बसून बघायचा आणि मगच तोंड उघडायचा. सकाळच्या गारव्यात आतून दुखणाईत असलेला बैलही डौलात चालतो, हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं.

म्हशाच्या गुरांच्या जत्रेत तर मुरबाड-शहापूरकडची माणसं त्याला शोधत यायची. तिथे सौदा रुमालाखाली होतो. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात एका रुमालाखाली जातो, भाव बोटांनी ठरतो आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. मध्यस्थ म्हणून देवजीचा हात असला की दोन्हीकडची मनं निर्धास्त असायची. मात्र मध्यस्थी करणाऱ्यांचा आपसात एक जुना नियम होता. ज्याच्या शब्दावर घेतलेलं जनावर खोटं निघालं, त्याने पुढच्या जत्रेत रुमालाखाली हात घालायचा नाही. हात पाठीमागे धरून उभं राहायचं, आणि कुणी विचारलं तर का ते सांगायचं. देवजीवर ती पाळी कधी आली नव्हती. बापावर एकदा आली होती. त्या दिवशी बापाच्या मागे उभ्या असलेल्या लहान देवजीला बापाचं तोंड दिसलं नव्हतं, फक्त ते पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले हात दिसले होते.

आता अशा माणसाला कॉम्प्युटरबद्दल विचारायचं काही कारण नव्हतं. पण गावाने विचारलं, आणि त्यानेही सांगून टाकलं.

कॉम्प्युटर गावात आला तो जुनाच. कुठल्याशा कंपनीने नवे आणले तेव्हा जुने आसपासच्या गावांना वाटले, त्यातला एक भोकरवाडीला मिळाला. टेम्पोला आंब्याची पानं बांधून तो आणला आणि समाजमंदिराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत मांडला. सगळ्यात वडीलधारा म्हणून देवजीने त्याला हळदकुंकू लावलं. नारळ फोडायला हात वर केला तेव्हा पोरं ओरडली, "बाबा, लांब जाऊन फोडा, पाणी आत गेलं तर आजच बाराव्याचं जेवण!" देवजीही हसला होता.

खुर्चीवर बसली दामिनी, गावातल्या लहानी नावाच्या बाईची मुलगी. नवरा गेल्यावर लहानीने एकटीने भातशेती ओढली आणि पोरीला मुरबाडला धाडून कॉम्प्युटर शिकवलं. दाखले, सातबारे, पोरांचे फॉर्म, सगळं आता गावातच होऊ लागलं. एका कागदासाठी दिवस मोडून तालुक्याला खेटे घालणाऱ्या बायका पत्र्याच्या खोलीबाहेर भाजी निवडत बसायच्या आणि काम झालं की दामिनीच्या गालावरून बोटं फिरवून कडकडा मोडायच्या.

मग तो बंद पडायला लागला. काम अर्ध्यात आलेलं असायचं, पडदा एकदम काळा व्हायचा, आणि पुन्हा चालू करायला गेलं की नुसता गुरगुरायचा. दामिनी घाबरी व्हायची, वायरी काढून घालायची, मांडीवर हात ठेवून वाट बघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो शहाण्या बाळासारखा सुरू. सकाळी कामावर जाण्याआधी भाविक यायचा. आसनगावकडे एका कंपनीत नोकरीला जाणारा हा पोरगा बाइक बाहेर चालूच ठेवून आत शिरायचा, आपला एखादा कागद काढायचा आणि शीळ घालत निघून जायचा. त्याच्या हाताखाली कॉम्प्युटर कधीच बंद पडला नाही. लोकांनी हे बघितलं, आणि बघता बघता गावात बोललं जाऊ लागलं.

एके दिवशी गिरजा म्हातारीच्या नातीचा, कुणालीचा, होस्टेलचा अर्ज भरायचा राहिला. शेवटची तारीख होती. दामिनीने दुपारपासून संध्याकाळपर्यंत कितीदा तरी माहिती भरली, आणि दर वेळी पडदा काळा झाला. तारीख टळली. कुणालीचं त्या वर्षीचं होस्टेल गेलं.

समाजमंदिरात माणसं जमली. गिरजा खांबाला टेकून हात नाचवत होती.

"माझ्या नातीचं वरीस खाल्लं गो हिनं! शिकलीस ना तू? का नुसतं खुर्चीत बसायला शिकलीस?"

"आजी, मी बंद नाय केला. तो आपणच..."

"भाविकला नाय बंद पडत तो. तुलाच बरा पडतो!"

कुणीतरी म्हणालं, देवजीबाबाला विचारा. बाबा काय म्हणतील ते. सगळ्यांची तोंडं देवजीकडे वळली. त्याला बरं वाटलं. पुढे तो कितीदा तरी मनाशी हेच उगाळत बसला, की त्या वेळी आपल्याला बरं वाटलं होतं.

"हे बघा," तो म्हणाला, "मला यंत्रातलं कळत नाय. पण बैलाचं सांगतो. बैल एकच. एकाच्या हाताखाली चालतो, दुसऱ्याच्या हाताखाली बसतो. मग बैल विकायचा, का हात बदलायचा?"

समाजमंदिर हसण्याने भरून गेलं. दामिनी उभी राहिली. तिने सगळं नीट सांगितलं.

"देवजीबाबा, भाविकदादा सकाळी येतो, एक कागद काढतो नी जातो. मी दुपारभर बसते. तो दुपारीच बंद पडतो. खोली तापली का बंद पडतो. तुमी एकदा दुपारी येऊन बघा तरी."

"अगो," देवजी हसत म्हणाला, "नांगर चुकला का नांगऱ्या बैलालाच बोल लावतो."

पुन्हा हशा झाला. दामिनीने खोलीची किल्ली आईच्या हातात दिली, लहानीने ती देवजीसमोर सतरंजीवर ठेवली, आणि दोघी निघून गेल्या. जाताना लहानीने देवजीकडे असं बघितलं, जसं कुणी ओळखीच्या घराचं दार लावलेलं बघतं.

दामिनी वासिंदकडच्या एका गोदामात खोकी बांधायच्या कामाला जाऊ लागली. पहाटे जीपमध्ये कोंबून जायची, अंधार पडताना यायची. ती उतरली की ओट्यावरची पोरं म्हणायची, "दामिनी आली रे, बैल बसला!" देवजीचं ते बोलणं गावात राहिलं नाही. मुरबाडच्या बाजारात एकाने त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "बाबा, तुमचा तो कॉम्प्युटरचा निवाडा ऐकला, लय भारी!" देवजीने तेही हसून घेतलं. पुढे दामिनीला बघायला शहापूरकडून माणसं आली, चहा प्यायली, आणि उठताना त्यातल्या एकाने विचारलं म्हणे, "बैल बसवते ती हीच का?" सोयरीक झाली नाही. हे देवजीच्या कानावर आलं तेव्हा तो भाकर खात होता. त्याने घास गिळला आणि विषय बदलला.

किल्ली भाविकला मिळाली. नोकरीतून सुट्टी काढून तो दिवसभर खोलीत बसू लागला, आणि दुपारी त्याच्यासमोरही पडदा काळा झाला. तेव्हा मात्र कुणी हाताचं नाव काढलं नाही. भाविक म्हणाला, लाइट कमी-जास्त होते. सगळ्यांनी माना हलवल्या. नंतर एका सकाळी तो सुरूच होईना.

"चल, मुरबाडला दाखवू," देवजी म्हणाला. आपण त्यात शब्द घातलाय, तर आपण गेलं पाहिजे, असं त्याला वाटलं. दोघांनी खोकं जीपमध्ये ठेवलं.

दुरुस्तीच्या दुकानात रविंद्र नावाचा जाडसर माणूस वडापाव खात बसला होता. त्याने एका हाताने खोक्याचं झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि खाता खाता म्हणाला, "गेले की सगळे."

"कोण गेले?" देवजीने विचारलं.

"इकडं या, बाबा. हे छोटे डबे दिसतात? ह्यांना कपॅसिटर म्हणतात. वीज धरून ठेवतात नी बेतानं सोडतात. डोकं सपाट पाहिजे ह्यांचं. हे बघा कसे फुगलेत."

देवजीने डोळे बारीक केले. हिरव्या पाटीवर करंगळीच्या नखाएवढे डबे ओळीने उभे होते, आणि त्यातल्या बऱ्याचशांची डोकी वर आली होती. पोट फुगलेल्या जनावराची कूस वर येते तशी. एकाच्या बुडातून तपकिरी चिकट पाणी ओघळून वाळलं होतं. देवजीने आयुष्यात अशी फुगलेली पोटं किती बघितली होती. बोट लावून पाहावंसं त्याला वाटलं, पण त्याने हात पुढे केला नाही.

रविंद्रने बोटं चड्डीला पुसली. "एक सांगा. सकाळी बरा चालायचा नी ऊन चढल्यावर बंद पडायचा, असं होतं का?"

देवजीला वाटलं, कुणीतरी आपल्याच घशातून आपलाच आवाज काढला.

"हां, तसंच," भाविक म्हणाला.

"मग बरोबर. गार असतात तोवर कसेबसे तग धरतात. तापले का मान टाकतात."

"चालवणाऱ्याच्या हातानं होतं का असं?" देवजीने विचारलं.

रविंद्र हसला. "हाताचा काय संबंध? कारखान्यातनंच खराब आलेत हे. मधे बाजारात अशी खेपच्या खेप आली होती, मी किती तरी बदलले. ज्यानं बनवला तो स्वतः येऊन बसला असता तरी दुपारी बंदच पडला असता."

त्याने जुने डबे काढले, नवे झाळले, आणि कॉम्प्युटर सुरू झाला. परत येताना देवजीने खोकं मांडीवर घेतलं होतं. जीप टोकावड्याच्या बाजूला वळली तेव्हा भाविक त्याच्या कानाशी वाकला.

"बाबा, गावात फुगल्याबिगल्याचं नको सांगू या. वायर सैल होती म्हणू. तुमचाही शब्द राहील."

देवजी बाहेर बघत राहिला. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. गावात उतरल्यावर भाविकने जोरात सांगितलं, "वायर सैल होती!" आणि देवजी बाजूला उभा राहून ते ऐकत राहिला.

त्यानंतर त्याला समाजमंदिरावरून जाणं नको झालं. तो शेताकडे मागच्या वाटेने जाऊ लागला. कुणी बैल दाखवायला आणला तर कंबर धरल्याचं सांगायचा. यंत्रातलं आपल्याला कळत नव्हतं, ही काही लाज नव्हती. ते त्याने आधीच कबूल केलं होतं. लाज होती ती जे कळत होतं त्याची. पोरगी सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली होती, दुपारीच बंद पडतो, खोली तापली का बंद पडतो, येऊन बघा. परक्या गावचा कुठलाही फटिंग हेडी, गुरांचा व्यापारी, बैल विकायला आला असता तर आपण त्याच्या बैलासाठी दुपार काढली असती. लहानीच्या पोरीसाठी काढली नाही.

शेवटी एका रविवारी तो लहानीच्या दारात गेला. दामिनी अंगणात नाचणी पाखडत होती. लहानी चुलीपाशी होती, ती बाहेर आली नाही. देवजीने टोपी काढून हातात धरली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डबे, फुगलेली डोकी, कारखाना, जीपमधलं भाविकचं बोलणं आणि आपलं गप्प बसणं.

दामिनीने सूप थांबवलं नाही.

"हे मला कशाला सांगता, बाबा? माझा हात खराब नाय, हे मला ठाऊकच होतं."

"चुकलं माझं, पोरी."

"तुमी ते माझ्या अंगणात बोलला नव्हतात. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांगा. शहापुरातनं आलेल्या माणसांना पण ठाऊक होतं मी बैल बसवते म्हणून. तिथवर कसं गेलं ते?"

आतून लहानीचा आवाज आला, "दामिनी, बास गो." पण तिनेही या, बसा म्हटलं नाही.

देवजीला गावात सांगून टाकणं सोपं होतं. गाव आपलंच, गावाने त्याला मोठ्या मनाचा म्हणून पाठ थोपटली असती, आणि त्या पाठ थोपटण्याचीच त्याला भीती वाटली. त्याचा शब्द जिथून वजनदार होऊन गावात यायचा, ती जागा दुसरी होती. पौष लागला होता. म्हशाची जत्रा आलीच होती.

जत्रेत नेहमीची गर्दी होती. घोंगड्यांचे ढीग, भांड्यांची दुकानं, पाळण्यांचा आवाज, आणि पलीकडे माळावर जनावरांच्या रांगा. देवजी रांगांमधून चालला तशी ओळखीची माणसं हाका मारू लागली. गोजर नावाचा सरळगावकडचा एक शेतकरी तांबड्या खोंडापाशी उभा होता. विकणारा समोर, रुमाल तयार.

"या देवजीबाबा, तुमचीच वाट बघत व्हतो. घाला हात."

देवजीने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत धरले.

गोजरला आधी कळलं नाही. मग त्याचे डोळे मोठे झाले. "काय वो? कुणाचा बैल खोटा निघाला?"

आजूबाजूची माणसं वळली. त्यात मुरबाडच्या बाजारात पाठीवर थाप मारणारा तोही होता.

"बैल नाय," देवजी म्हणाला. "आमच्या गावात एक कॉम्प्युटर आहे. तो दुपारी बंद पडायचा. मी सगळ्यांसमोर सांगितलं, चालवणाऱ्या पोरीचा हात खराब. ती सांगत होती, दुपारी येऊन बघा. मी गेलो नाय. आतले डबे फुगले होते, कारखान्यातनंच खराब आले होते. लहानीच्या दामिनीचा काय दोष नव्हता. मला कळल्यावरही मी गप्प बसलो. म्हणून यंदा हात घालत नाय."

मग कुणीतरी फिसकन हसलं.

"बैलाचा माणूस पोरीची परीक्षा घ्यायला गेला!"

"अरे, भोकरवाडीत पोरीला नि बैलाला एकच कासरा लावतात काय?"

"नि आता यंत्राचं पोट पण तपासता का, बाबा?"

गोजर हसला नाही. त्याने फक्त रुमाल उचलला. "मग बैलाचं तरी कळतं का, आता काय सांगावं," असं पुटपुटत तो दुसऱ्या मध्यस्थाला शोधायला गेला. भोकरवाडीची पोरं शेजारीच उसाचा रस पीत उभी होती. त्यात भाविक होता. लोक त्यांच्याकडेही बघून हसत होते. त्याने ग्लास तसाच ठेवला आणि मान खाली घालून गर्दीत शिरला. पलीकडे घोंगडीचा भाव करणाऱ्या लहानीने सगळं ऐकलं होतं. ती जवळून गेली, थांबली नाही.

देवजी दिवस कलेपर्यंत तिथेच उभा राहिला. कुणी विचारलं की सांगायचा. प्रत्येक वेळी सांगताना वाटायचं, आता तोंडाला सवय होईल. झाली नाही.

जत्रेतून परतल्यावर भाविकने किल्ली लहानीच्या ओट्यावर नेऊन ठेवली. जत्रेत झालेली चेष्टा त्याच्या जिव्हारी लागली होती की आणखी काही, ते त्याने सांगितलं नाही. दामिनीने किल्ली लगेच उचलली नाही. गोदामातल्या कामाचा महिना पुरा केला, आणि मग एका सकाळी पत्र्याच्या खोलीचं कुलूप काढून आधी खिडकीला पोतं बांधलं, म्हणजे ऊन थेट आत येऊ नये. पहिला फॉर्म तिने कुणालीचा भरला, पुढच्या वर्षीच्या होस्टेलचा.

देवजीला तिकडे जावं लागलं ते शेतकऱ्यांच्या केवायसीसाठी. अंगठा उठवल्याशिवाय ते होत नाही. भर दुपार होती, बाहेर रांग होती. दामिनीने त्याला बसायला सांगितलं आणि बोट टेकवायचं छोटं यंत्र पुढे सरकवलं. देवजीने अंगठा ठेवला. यंत्राने लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. धोतराला पुसून ठेवला, तरी लाल.

मागे उभी असलेली गिरजा म्हणाली, "बैलांच्या पाठी चोळून चोळून रेघाच गेल्या गो बाबाच्या! हातच खराब!"

रांग हसली. देवजीने मान वर केली नाही. दामिनी हसली नाही.

"हाताला काय बोलू नका, आजी," ती म्हणाली. "यंत्र तापलंय. बाबा, जरा बाजूला बसा. निवलं का बोलावते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. देवजी बाकावर जाऊन बसला. तो हात त्याने मांडीवर ठेवला, थोड्या वेळाने कुणी बघत नाही असं पाहून खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि त्याखाली सारला. पत्रा तडतडत होता. आत दामिनीची बोटं बटणांवर चालत होती, आणि कॉम्प्युटर चालला होता.

"या बाबा," दामिनीने हाक मारली.

त्याला तो हात बाहेर काढावा लागला.